पेल्याचा आकार आणि बिअरचा आस्वाद : युरोपीय पानपात्रांच्या इतिहासाचा एक अभ्यास

गोषवारा :
बिअर कोणत्या आकाराच्या पेल्यातून प्यावी याविषयी युरोपात आज ठाम मते आढळतात. विशिष्ट आकारामुळे विशिष्ट बिअरची चव खुलते, असे उत्पादक व रसिक दोघेही सांगतात. प्रस्तुत निबंधात जर्मनी, बोहेमिया, इंग्लंड व बेल्जियम या प्रदेशांतील पानपात्रांच्या इतिहासाचा आढावा घेऊन या समजुतीची तपासणी केली आहे. पेल्याचे आकार प्रामुख्याने माप, कर, काचनिर्मितीचे तंत्र व विक्रेत्यावरील अविश्वास यांतून घडले आणि आस्वादाचा विचार त्यांना नंतर जोडला गेला, असे या अभ्यासातून दिसून येते. तथापि, आकाराचा आस्वादावर व पिण्याच्या वेगावर परिणाम होतो, हेही अलीकडील प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

बीजशब्द : पानपात्रे, भौतिक संस्कृती, काचनिर्मिती, मापनकायदा, आस्वाद.

१. प्रस्तावना

भौतिक संस्कृतीच्या अभ्यासात राजवाडे, किल्ले, नाणी व शिलालेख यांना जे महत्त्व मिळते, ते रोजच्या वापरातील भांड्यांना क्वचितच मिळते. वास्तविक सामान्य माणसाचे जीवन, त्याची आवडनिवड आणि त्याचा राज्यसत्तेशी येणारा संबंध यांच्या खुणा अशा भांड्यांवरच अधिक स्पष्टपणे उमटलेल्या असतात. १२१५ साली इंग्लंडचा राजा जॉन याने मान्य केलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेचे नाव घेताच नागरी स्वातंत्र्याचे व कायद्याच्या राज्याचे स्मरण होते. परंतु संपूर्ण राज्यात वाइनचे एकच माप असावे, एलचे एकच माप असावे आणि धान्याचेही एकच माप असावे, असे कलमही त्याच सनदेत आहे. एल म्हणजे मोड आणलेल्या जवापासून केलेले तत्कालीन मद्य. जे पेय राजा व सरदार यांच्यातील कराराचा विषय होऊ शकते, त्याचे भांडे इतिहासकाराने दुर्लक्षित करावे इतके क्षुल्लक निश्चितच नाही.

बिअरच्या पेल्याविषयी आज जे लेखन उपलब्ध आहे, ते बहुतांशी दोन प्रकारचे आहे. एका प्रकारात आकार व चव यांच्या नात्याचे रसिकतेने वर्णन केलेले असते, तर दुसऱ्या प्रकारात काचकलेचा इतिहास असतो. या दोहोंची सांगड घालून, आज ज्याला आपण ‘आस्वाद’ म्हणतो तो इतिहासाच्या कोणत्या टप्प्यावर पेल्याच्या आकाराचे कारण म्हणून पुढे आला, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

अ) बिअरच्या पानपात्रांच्या आकारात झालेल्या बदलांची ऐतिहासिक कारणे शोधणे.
ब) आकार व आस्वाद यांच्या संबंधाविषयीच्या प्रचलित समजुती तपासणे.
क) या संबंधाचे सामाजिक परिणाम स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला असून ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. बिअर हे उत्तर व मध्य युरोपातील दैनंदिन पेय असल्याने अभ्यासाचे क्षेत्र त्या भूप्रदेशापुरते मर्यादित ठेवले आहे.

३. काचेपूर्वीची पात्रे

मध्ययुगीन युरोपात सामान्य लोक लाकडी कटोऱ्यातून, मातीच्या भांड्यातून किंवा डांबर वा मेणाचा लेप दिलेल्या चामडी पात्रातून बिअर पीत. संपन्न घरांत कथलाच्या मिश्रधातूचे मग असत. ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात सीगबुर्ग, फ्रेखेन व वेस्टरवाल्ड या भागांत साधारणतः १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजलेली, दगडासारखी कडक भांडी तयार होत. भट्टीत मीठ टाकून त्यांना झिलई दिली जाई. ही भांडी द्रव शोषून घेत नसत, स्वच्छ करण्यास सोपी होती आणि त्यांच्या जाड भिंतीमुळे आतील पेय बराच वेळ थंड राही. आस्वादाच्या दृष्टीने पाहता या पात्रांत फारसा दोष नव्हता.

त्या काळची बिअर बहुधा गडद व गढूळ असे. जव वाळवण्यासाठी लाकडाचा जाळ वापरला जाई व त्याचा धूर जवाला लागे. यीस्टचे कण पेयात तरंगत राहत. असे पेय न दिसणेच बरे, अशी स्थिती असल्याने पात्र अपारदर्शक आहे याची खंत पिणाऱ्यास वाटण्याचे कारण नव्हते. मात्र अपारदर्शक पात्राचा एक मोठा तोटा होता. आत पेय किती आहे आणि फेस किती आहे, हे बाहेरून कळत नसे.

या अडचणीवर इंग्लंडने कायद्याने उपाय योजला. विल्यम तिसरा याच्या कारकिर्दीत १७०० सालापासून, किरकोळ विक्रीचे एल व बिअर प्रमाणित व शिक्का मारलेल्या मापातूनच दिली जावी, असा नियम लागू झाला. मुकुट व राजाच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेले त्या काळचे मग उत्खननांत मोठ्या संख्येने सापडले आहेत. राजाची मुद्रा सामान्य मजुराच्या ओठांपर्यंत पोहोचली ती अशी, मगाच्या रूपाने.

४. काचेचे आगमन : वर्तुळे, कर आणि आकार

आल्प्सच्या उत्तरेकडील जंगलांत लाकडाच्या राखेतील पोटॅश व वाळू यांपासून काच तयार होत असे. वाळूतील लोहामुळे तिला हिरवट छटा येई. जर्मन भाषेत तिला ‘वाल्डग्लास’ म्हणजे वनकाच असे नाव आहे. या काचेपासून सोळाव्या व सतराव्या शतकांत बनवलेला ‘पासग्लास’ हा उंच, नळकांड्यासारखा पेला येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या बाहेरील अंगावर काचेच्या धाग्याची आडवी वर्तुळे ठरावीक अंतरावर बसवलेली असत. मेजवानीत हा पेला हातोहात फिरे. प्रत्येकाने एका दमात नेमके पुढील वर्तुळापर्यंतच प्यायचे असा दंडक असे आणि तो चुकल्यास पुन्हा प्यावे लागे. येथे पेल्याच्या घडणीने आनंद निर्माण केला हे खरे, परंतु तो चवीचा आनंद नव्हता. तो खेळाचा, पैजेचा व सोबतीचा आनंद होता. याच सुमारास बोहेमिया व जर्मन प्रदेशांत ‘हुम्पेन’ नावाचे मोठे, मीनाकारी केलेले पेलेही प्रचारात होते. साम्राज्याचा द्विमुखी गरुड रंगवलेले हुम्पेन म्हणजे यजमानाची राजनिष्ठा व प्रतिष्ठा दाखवण्याचे साधनच होय.

इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये नव्या प्रकारच्या स्वच्छ काचेचे एकस्व मिळवले. त्यातूनच पुढे शिसेयुक्त काचेचा उद्योग भरभराटीला आला. अठराव्या शतकातील धनिकांच्या घरी उंच देठाचे, निमुळते व आकाराने लहान असे एलचे पेले आढळतात. त्यांवर हॉप्सची फुले व जवाची कणसे कोरलेली असत. कडक, जुनी एल थोड्या प्रमाणात प्यायची असल्याने पेला लहान असणे स्वाभाविक होते. परंतु त्याच शतकात पेल्यांची घडण हलकी होत गेली, तिचे कारण स्वयंपाकघरात वा मद्यगृहात शोधून सापडत नाही. १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनानुसार कर बसवला गेला. काच जितकी जड तितका कर अधिक, असा हिशेब झाल्यावर कारागिरांनी पेले हलके केले व जाड काचेची सजावट टाळून कोरीव कामावर भर दिला. हा कर १८४५ साली रद्द झाला, तेव्हा काचेचा पेला सामान्य मद्यगृहात येण्यातील एक मोठा अडसर दूर झाला.

तंत्रज्ञानाचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. १८२० च्या दशकात अमेरिकेत साच्यात काच दाबून वस्तू घडवण्याची पद्धत विकसित झाली. फुंकून काच घडवणाऱ्या कुशल कारागिराची गरज त्यामुळे कमी झाली. जाड तळाचे, कड्याचे व पैलू असलेले मग स्वस्तात व एकसारख्या मापाचे निघू लागले. मगावरील पैलूंमुळे पकड चांगली बसते, हा फायदा खराच, परंतु साच्यातून सुलभतेने निघणारा आकार म्हणूनही तो टिकून राहिला.

५. पिल्सेन : डोळ्यांनी प्यायची बिअर

बोहेमियातील पिल्सेन शहरात १८३८ साली खराब झालेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. या प्रकारानंतर तेथील नागरिकांनी एकत्र येऊन नवा मद्यनिर्मिती कारखाना उभारला आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल या तंत्रज्ञास पाचारण केले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी ग्रोलने केलेल्या पहिल्या बिअरमध्ये फिकट रंगाचे माल्ट, तेथील मृदू पाणी, झाटेत्स परिसरातील हॉप्स आणि तळाशी बसणाऱ्या यीस्टचे थंड किण्वन यांचा संयोग झाला. परिणामी सोनेरी, नितळ व पांढऱ्याशुभ्र फेसाची बिअर अवतरली.

स्वच्छ काचेमुळेच पिल्सनर लोकप्रिय झाली, असे विधान वारंवार केले जाते. ते अर्धेच सत्य मानावे लागते. १८६१-६२ मध्ये पिल्सेन हे रेल्वेने प्रागशी व बव्हेरियाशी जोडले गेले. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याच्या शीतयंत्रामुळे थंड किण्वन बारमाही शक्य झाले. १८७८ मध्ये लोरेन्झ एन्झिंगर याने बिअर गाळण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले. रेल्वे, शीतकरण व गाळणयंत्र यांच्याशिवाय केवळ काचेच्या बळावर ही बिअर जगभर पोहोचली नसती. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. नितळपणा हा बिअरचा गुण म्हणून ओळखला जाऊ लागला, तो पेला पारदर्शक झाल्यावरच. गढूळ बिअर आता लपत नव्हती. रंग पाहणे, बुडबुड्यांच्या वर चढणाऱ्या रांगा न्याहाळणे आणि फेसाची दाटी जोखणे हा पिण्याच्या आनंदाचा भाग बनला. त्या अर्थाने पेल्याने चवीत भर घालण्यापूर्वी दृष्टीला आस्वादात स्थान मिळवून दिले, असे म्हणता येईल.

६. रेषा, फेस आणि न्याय

बिअर हे कष्टकरी वर्गाचे पेय असल्याने तिचा भाव व माप हे पोटाशी निगडित प्रश्न होते. मे १८४४ मध्ये बव्हेरियात बिअरचा भाव वाढताच म्युनिकमध्ये दंगे उसळले. १८७२ मध्ये जर्मन साम्राज्यात दशमान पद्धती लागू झाली, तेव्हा बव्हेरियातील सुमारे १.०६९ लिटरचे जुने ‘मास’ हे माप एक लिटरवर आले. म्हणजे मगाचे नाव तेच राहिले आणि आतील पेय मात्र कमी झाले. १८८१ च्या कायद्याने मद्यगृहातील पात्रांवर भरण्याची रेषा व धारकता नोंदवणे बंधनकारक केले. दगडी मगात ही रेषा आतून पाहावी लागे आणि फेस असेपर्यंत ती दिसतही नसे. काचेच्या मगात मात्र ती समोरून वाचता येई. १८९९ साली म्युनिकमध्ये फसवणुकीने कमी बिअर भरण्याविरुद्ध नागरिकांची एक संघटनाच स्थापन झाली. १८९० च्या दशकात ऑक्टोबरफेस्ट या उत्सवातही काचेचे मग दिसू लागले. पारदर्शक मगाच्या प्रसारामागे सौंदर्यदृष्टीइतकीच हिशेबाची दृष्टी होती, हे या घटनाक्रमावरून लक्षात येते.

या संदर्भात जर्मनी व ब्रिटन यांची तुलना उद्बोधक ठरते. जर्मन पेल्यात रेषेच्या वर फेसासाठी मोकळी जागा ठेवलेली असते. त्यामुळे ग्राहकास पूर्ण माप मिळून शिवाय भरघोस फेसही मिळतो. ब्रिटनमध्ये १८२४ च्या कायद्याने २० द्रव औंसांचा, म्हणजे सुमारे ५६८ मिलिलिटरचा, पाइंट निश्चित झाला आणि काठोकाठ भरल्यावर एक पाइंट होणारा पेला तेथे रूढ झाला. अशा पेल्यात फेसाला जागा द्यायची तर पेय कमी करावे लागते. साहजिकच फेस हा तेथे वादाचा विषय बनला. एका देशात फेस ही शोभा, तर दुसऱ्या देशात तीच तूट! बिअरच्या आस्वादातील हा फरक पेल्यावरील रेषेच्या जागेने घडवला, हे विसरून चालणार नाही.

पात्राच्या पसंतीतील बदलाची साक्ष जॉर्ज ऑर्वेल याच्या ‘द मून अंडर वॉटर’ या १९४६ च्या लेखात मिळते. आदर्श मद्यगृहाचे चित्र रेखाटताना तो विनाकड्याच्या पेल्यात पाइंट देणे ही चूक मानतो. लोकांना पेय आरपार दिसावेसे वाटते, म्हणून चिनीमातीचे मग मागे पडले, असे निरीक्षण तो नोंदवतो. स्वतः त्याला मात्र चिनीमातीच्या मगातील बिअर अधिक रुचकर वाटत असे. म्हणजे काचेचा विजय झाला तेव्हाही तो चवीच्या निकषावर झाल्याचे सर्वांना मान्य नव्हते. पुढे विनाकड्याचाच, काठाखाली फुगवटा असलेला पेला ब्रिटनमध्ये सर्वत्र पसरला. फुगवट्यामुळे काठ एकमेकांवर आपटून टवके उडत नाहीत, पेले एकात एक अडकत नाहीत आणि हातातून निसटत नाहीत. हा आकार पिणाऱ्यापेक्षा मद्यगृहचालकाच्या सोयीचा होता.

७. परंपरेची जडणघडण : कोलोन व बेल्जियम

आकार व चव यांचे अतूट नाते असल्याची कल्पना विसाव्या शतकात दृढ झाली. कोलोन शहरातील कोल्श ही बिअर केवळ ०.२ लिटरच्या सरळ, सडपातळ पेल्यातून दिली जाते. पेला लहान असल्याने बिअर कोमट होण्यापूर्वी संपते व वाढपी लगेच दुसरा पेला आणून ठेवतो. या प्रथेला १९८६ च्या कोल्श करारात लेखी स्वरूप मिळाले. शहराचा अभिमान, व्यापारी संरक्षण आणि पेयाचे तापमान या तिन्ही गोष्टी त्या एका पेल्यात एकवटल्या आहेत.

बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्याने सार्वजनिक मद्यगृहांत कडक आसवांच्या विक्रीवर बंदी आली व अधिक मद्यार्काच्या बिअरला मागणी वाढली. अशी बिअर सावकाश, थोडी थोडी घ्यायची असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र पेले आले. ओरव्हाल मठाची पुनर्बांधणी करणारा वास्तुविशारद आँरी व्हाएस यानेच त्या मठाच्या बिअरचा चषक रेखाटला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ड्युव्हेल या बिअरसाठी ट्यूलिपच्या फुलासारखा मोठा पेला आला. ३३ सेंटिलिटरची संपूर्ण बाटली फेसासह एकाच पेल्यात मावावी हा त्याचा हेतू होता. याउलट क्वाक या बिअरचा लाकडी चौकटीत उभा राहणारा, गोल तळाचा पेला नेपोलियनकालीन गाडीवानांसाठी बनवला गेला, अशी कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात ही बिअर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात आली. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ च्या ग्रंथात मांडलेली ‘परंपरेची निर्मिती’ ही संकल्पना येथे तंतोतंत लागू पडते. प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा पेला ही आजची रीत आस्वादाइतकीच जाहिरातीचीही देणगी आहे.

८. आकाराचा प्रत्यक्ष परिणाम

वरील विवेचनावरून आकाराचा आस्वादाशी काहीच संबंध नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. बिअरचा फेस जवातील प्रथिने व हॉप्समधील कडू संयुगे यांच्यामुळे टिकतो. बुडबुडे फुटताना सुगंधी द्रव्ये हवेत मिसळतात. पेल्याचे तोंड आत वळलेले असल्यास हा सुगंध काठाखाली साठून नाकापर्यंत पोहोचतो, तर पसरट तोंडातून तो लवकर निघून जातो. उंच व अरुंद पेल्यात फेसाचा थर जाड दिसतो. कडे किंवा देठ असल्यास हाताची उष्णता पेयास लागत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिराबितो, स्पेन्स आदींच्या अभ्यासात वक्र बाजूंच्या पेल्यातील बिअर सरळ पेल्यातील बिअरपेक्षा अधिक फळगंधी व तीव्र असल्याचे मत सहभागींनी नोंदवले. नाक, डोळा व अपेक्षा हे सारे मिळून चव घडवतात, हे यावरून स्पष्ट होते.

याहून गंभीर बाब पिण्याच्या वेगाची आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील अँजेला अ‍ॅटवुड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १६० व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात, सरळ पेल्यातून बिअर पिणाऱ्यांचा वेग वक्र पेल्यातून पिणाऱ्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी मंद आढळला. पेला निम्माच भरलेला असताना किंवा त्यात मद्यविरहित पेय असताना असा फरक दिसला नाही. वर रुंद होत जाणाऱ्या पेल्यात निम्मे पेय कोठे संपते याचा अंदाज चुकतो, कारण अर्धी उंची म्हणजे अर्धे आकारमान नव्हे. हे त्यामागील संभाव्य कारण मानले जाते. उंचीवरून प्रमाण ठरवण्याची ही सवय ज्याँ पियाजे याने बालकांवरील प्रयोगांत दाखवली होती. प्रौढांतही ती पूर्णतः लोप पावत नाही असे दिसते.

या निष्कर्षास इतिहासाची जोड देता येते. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पब अँड द पीपल’ या पाहणीत बोल्टन येथील गिरणी कामगार गटाने पिताना एकमेकांच्या पेल्यातील पातळीशी बरोबरी राखतात, असे नमूद केले आहे. म्हणजे पिणारा स्वतःच्या तहानेवर न विसंबता पेल्यातील पातळी वाचत पितो. पासग्लासवरील वर्तुळे हेच काम उघडपणे करत होती, तर आजचा वक्र पेला तेच काम नकळत करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये मद्यसेवनाची कोणतीही पातळी आरोग्यास सुरक्षित नसल्याचे जाहीर केले. अशा वेळी पेल्याचा आकार हा केवळ रसिकांच्या चर्चेचा विषय राहत नाही.

९. निष्कर्ष

१) बिअरच्या पेल्यांचे बहुतेक आकार माप, कर, निर्मितीतंत्र व हाताळणीची सोय यांतून उद्भवले. आस्वादाचे स्पष्टीकरण त्यांना प्रामुख्याने विसाव्या शतकात जोडले गेले.
२) पारदर्शक काचेने ग्राहकास आपले माप स्वतः तपासण्याचे साधन दिले. म्हणून तिचा प्रसार हा ग्राहकहक्काच्या इतिहासाचाही भाग आहे.
३) पिल्सनरच्या उदयात काचेचा वाटा होता, परंतु रेल्वे, शीतकरण व गाळणयंत्र यांच्या तुलनेत तो सहायक स्वरूपाचा होता.
४) आकाराचा सुगंध, तापमान व फेस यांवर परिणाम होतो. तथापि पेल्याविषयीच्या सर्व परंपरा तितक्या प्राचीन नाहीत.
५) आकार पिण्याचा वेग बदलू शकतो. सबब मद्यविषयक धोरणात भावाइतकाच पात्राचाही विचार होणे उचित ठरेल.

सामान्य ग्राहकाने पेल्यातून आरपार पाहण्याचा हक्क मिळवला, त्यासाठी काही शतके जावी लागली. विक्रेत्याने किती दिले हे त्याला आता दिसते. आपण किती प्यालो हे मात्र तोच पेला त्याच्यापासून अद्याप लपवू शकतो. १८८१ मध्ये विक्रेत्याला बांधून घेण्यासाठी काचेवर रेषा आली. पिणाऱ्याला सावध करण्यासाठी तशीच एखादी रेषा यावी काय, हा प्रश्न इतिहासाने पुढील काळाच्या हाती सोपवला आहे.